कडीचा आवाज

४ मार्च

सूनबाईस,

सप्रेम सलाम. इकडे आम्ही देवाच्या दयेने ठीक आहोत, तूही तिकडे ठीक असशील. पाच वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून दचकू नकोस. काम आहे म्हणूनच लिहितेय. आडवळणाने जायची मला सवय नाही.

चिमणीच्या हाताचं ऑपरेशन करायचं ठरलंय. भाजलेल्या जागेची कातडी आखडत चाललीये. पोर वाढतेय, ती कातडी काही वाढत नाही. डावा हात कोपरातून सरळ होत नाही आणि मानही त्याच बाजूला ओढल्यासारखी राहते. डॉक्टर म्हणाले, आखडलेलं सोडवून मांडीची कातडी तिथे लावू, पण आता उशीर करू नका. त्यासाठी आईबाप दोघांची सही लागते. तुझ्या नवऱ्याची झाली. तुझ्यासाठी कागद सोबत ठेवलाय, फुली मारलीये तिथे सही कर आणि लगेच परत पाठव. तो स्वतः तुला लिहिणार नाही. त्याचा स्वभाव तू जाणतेसच. म्हणून हे माझ्या गळ्यात आलं.

लाँड्री चालू आहे. इस्पितळाच्या चादरी अजून आपल्याकडेच येतात, आणि दोन हॉटेलं नवीन मिळालीत. इस्त्रीवाले काका थकलेत पण घरी बसायला तयार नाहीत. म्हणतात, घरी बसलो तर बायको मलाच इस्त्री करेल. जिन्याखालचं धुण्याच्या खोलीचं ते जुनं लाकडी दार काढून टाकलं. आता लोखंडी आहे, आपलं आपण बंद होतं. माणसं काय, सगळीच सारखी काळजी घेणारी नसतात. दारावर विसंबलेलं बरं.

चिमणी चौथीत आहे. चित्रं छान काढते. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा झगा घालते. शाळेत कुणी विचारलं तर 'लहानपणी भाजले' एवढंच सांगते, पुढचं बोलत नाही. कुणाबद्दल वाईट बोलू नये, हे मी तिला पहिल्यापासून शिकवलंय.

चर्चच्या महिला मंडळात मी दर बुधवारी तुझ्यासाठीही प्रार्थना करायला लावते. माझ्या मनात काही नाही.

कागद विसरू नकोस.

तुझी सासू


१९ मार्च

सूनबाईस,

सलाम. सही केलेला कागद मिळाला. ऑपरेशन सत्तावीस तारखेला आहे.

कागदाच्या आत घडी केलेली तुझी चिठ्ठीही मिळाली. तू लिहितेस, 'आई, तक्रार म्हणून नाही, पण एकच विचारते. मी कडी लावली होती ना? मला कडीचा आवाज आठवतो. पण सगळे इतकी वर्षं नाही म्हणाले, की आता वाटतं, तो आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाचा असेल. इथे वसतिगृहात रात्री मुलींच्या खोल्यांची दारं मी तीनतीनदा बघते. तरी खात्री होत नाही. तुम्हाला काही आठवत असेल तर सांगा.'

अगं, आता इतक्या वर्षांनी त्या कडीचा काथ्याकूट करून काय हाती लागणार? पोरीचा हात बरा होऊ दे, तेवढं मागू आपण.

आणि एकट्या तुझंच चुकलं असं मी तरी कधी म्हटलं? दार वाफेने फुगलेलं होतं. कडी सैल होती, सुताराला मी तीनदा निरोप धाडला होता, मेला आला नाही. ती धुणेवाली बाई कढत पाण्याचा टप तसाच जमिनीवर ठेवून चहाला गेली, तिला कुणी जाब विचारला का? तुझा नवरा दुकानात गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होता. घरात चार मोठी माणसं असून पोरीला कुणी बघितलं नाही. मी तर त्या दिवशी पित्ताने डोकं धरून वर पडलेली होते. सैतान अशीच वेळ गाठतो. देवाने हे का होऊ दिलं ते त्यालाच माहीत. त्याच्या मर्जीपुढे आपण कोण?

आधीच सकाळपासून सगळं बिनसलेलं होतं. त्या लग्नघरच्या टेबलांचे पांढरेशुभ्र कपडे तू लाल पडद्यांबरोबर भिजत घातलेस आणि सगळ्यांना गुलाबी डाग पडले. तेही मी पोटात घातलं. आजवर कुणापाशी बोलले नाही.

असो. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तूही मागचं उकरत बसू नकोस. प्रार्थना कर, झोप लागेल.

तुझी सासू


९ एप्रिल

सूनबाई,

तू कडी लावली होतीस.

हे आधी लिहिते. एवढंच वाचून पत्र ठेवून दिलंस तरी चालेल. तो आवाज त्याच दिवसाचा आहे, दुसऱ्या कुठल्या नाही. मीही तो ऐकला होता. तू कडी लावलीस, पायरीवर बसलेल्या चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि मला खालूनच हाक मारलीस, "आई, कडी लावलीये हो. चिमणी जिन्यात खेळतेय, लक्ष ठेवा. मी चादरी मोजून देऊन आलेच." मी वरून "बरं" म्हणाले. मग तू इस्पितळाकडे गेलीस.

कडी मी काढली.

मागच्या पत्रात मी टेबलांच्या कपड्यांचं लिहून गेले. पाकीट पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. कपडे धुण्याच्या खोलीत, दाराच्या आत भिजत होते. मी जर डोकं धरून वर पडलेली होते तर मला त्यांचे डाग कुठून दिसले? तू हुशार आहेस, तुला तेव्हाच कळलं असेल. पित्तबित्त काही नव्हतं. ठणठणीत होते.

का काढली, तेही सांगते, नाहीतर पुन्हा अर्धवट होईल. सकाळी तू लाल पडदे खाली नेताना मी पाहिलं होतं. मला वाटलं, ही नक्की घोटाळा करणार. तू बाहेर पडलीस आणि मी तुझी चूक शोधायला खाली उतरले. खरंच सांगते, चूक सापडावी अशी मनात इच्छा होती. तू या घरात आल्यापासून माझा मुलगा आधी तुला विचारायचा आणि मग मला सांगायचा. त्याचं मला किती लागायचं, हे तेव्हा माझं मलाही धड उमगलं नव्हतं. डाग पडलेले दिसले तेव्हा मला राग नाही आला गं. बरं वाटलं.

एक ओला कपडा दोन्ही हातांनी उचलला, पाणी गळू नये म्हणून पोटाशी धरला आणि बाहेर आले. कडी लावायला हात मोकळा नव्हता. 'कपडा वर ठेवून येते नि लावते' असं मनात म्हटलेलं मला आठवतं. चिमणी पायरीवर होती. तिला ओलांडून मी वर गेले. वर बसून तो आला की काय बोलायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, ते जुळवत बसले. कडी विसरले. टप आत होता, वाफ निघत होती, तोही मी पाहिला होता. मग ती किंकाळी.

तो दुकानातून धावत आला. तिला उचललं, गार पाणी ओतलं आणि ओरडला, "दार कुणी उघडं टाकलं?"

मी म्हणाले, "शेवटची तुझीच बायको आत होती."

इतकंच. एका वाक्याचं काम. ते काही मी ठरवून ठेवलं नव्हतं, पण तोंडात तयारच असल्यासारखं आलं. नंतर खरं बोलायला पाच वर्षं होती. रोज सकाळी एक संधी. मी तो ओला कपडा माझ्या ट्रंकेत तळाशी कोंबला आणि तिला कुलूप घातलं.

हे सगळं आता का, असं तू विचारशील. मला एकाएकी सद्बुद्धी सुचली असं समजू नकोस. तुझी चिठ्ठी वाचूनही मला पाझर फुटला नव्हता, ते तू पाहिलंसच.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी नर्स पट्टी बघायला आली. गप्पिष्ट पोरगी आहे. तिने विचारलं, "एवढं कसं गं भाजलं तुला?" मी खिडकीशी उभी होते. चिमणी पाठ केलेला धडा म्हणावा तशी म्हणाली, "आईने दार उघडं टाकलं, म्हणून मी पाण्यात पडले, म्हणून आईला जावं लागलं." नर्स खाली बघून पट्टी गुंडाळत राहिली. मग चिमणी तिला हळूच म्हणाली, "पण मी त्या खोलीत गेलेच नसते ना, तर आई राहिली असती. आणि मी खूप जोरात ओरडले. हळू रडले असते तर कुणाला कळलं नसतं."

सूनबाई, मला वाटायचं, मी माझं पाप तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि विषय मिटला. ते तुझ्यापाशीही थांबलं नव्हतं. नऊ वर्षांची पोर ते घेऊन शाळेत जात होती, झोपत होती. लांब बाह्या घालत होती.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते आता फार म्हातारे झालेत, ऐकू कमी येतं. मी खालमानेने पुटपुटले तर कानाला हात लावून म्हणाले, "जरा मोठ्याने, बाई." पुन्हा सांगितलं. "अजून जरा मोठ्याने." शेवटी मी ओरडून सांगितलं, "दार मी उघडं टाकलं आणि सुनेचं नाव घेतलं!" आतल्या खोलीत त्यांची बायको भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मला तेव्हा हसू आलं आणि लगेच रडू फुटलं.

मी म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना करा. देवाने मला क्षमा करावी."

त्यांनी मला खुर्ची पुढे करून बसवलं. मग म्हणाले, "देव क्षमा करेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण आत्ता तुमच्या डोक्यावर हात ठेवून मी तुम्हाला हलकं करून घरी पाठवलं, तर ती तिकडे तशीच वाकलेली राहील. आधी जा आणि तुमचं ओझं तुम्ही उचलून आणा. मग या. मी आहे." आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "पहिल्या माणसाला देवाने विचारलं, मना केलेलं फळ का खाल्लंस, तर त्याने बायकोकडे बोट दाखवलं. आणि नुसतं बायकोकडे नाही, 'तूच दिलीस ना ही मला' म्हणून देवाकडेही. तेव्हापासून हेच चाललंय. उलट आपल्या प्रभूकडे बघा. त्याचं एकही पाप नव्हतं, आणि त्याने सगळ्यांचं अंगावर घेतलं. तुम्हाला तर फक्त स्वतःचंच घ्यायचंय."

दर महिन्याला प्रभुभोजनाच्या वेळी मी त्याच्या मेजापुढे पहिल्या रांगेत गुडघे टेकलेत, सूनबाई. तोंडाने पापकबुली म्हटली, सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून. त्यात आपण सगळे पापी असतो, त्यामुळे कुणा एकाला काही लागत नाही.

त्याच संध्याकाळी मी खाली लाँड्रीत गेले. तुझा नवरा इस्त्रीच्या यंत्रावर चादरी दाबत होता. इस्त्रीवाले काका होते, त्यांना मी जायला सांगितलं नाही. ट्रंकेतला कपडा काढून टेबलावर ठेवला. वाळून कडक झालाय, घडीवर काळी बुरशी, पण गुलाबी डाग कळतात. मी सांगून टाकलं. सगळं, आत्ता तुला सांगितलं तसंच.

तो यंत्रावरची चादर काढायची विसरला. जळका वास यायला लागला तेव्हा काकांनी पुढे होऊन बटण बंद केलं.

मग तो म्हणाला, "ती तुझे पाय धरून बसली होती. 'आई, तुम्ही वर होतात, तुम्ही ऐकलंत, तुम्हीच सांगा' म्हणत होती. तू काय म्हणालीस, आठवतं?"

मी म्हणाले, "मी गप्प बसले."

"गप्प नव्हतीस. तू म्हणालीस, 'वर देव बघतोय.'"

मला हे आठवत नव्हतं. तो बोलल्यावर आठवलं. मी खरंच तसं म्हणाले होते. देवाचं नाव घेऊन.

तो पुढे एवढंच बोलला, "आणि मी तुझं ऐकलं." मग बाहेर निघून गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. समोर ताट ठेवलं तर जेवतो. त्याने तेव्हा तुला का विचारलं नाही, तुझं का ऐकून घेतलं नाही, यावर माझ्या मनात चार वाक्यं तयार आहेत. ती मी लिहिणार नाही. त्याचं तो सांगेल. मी माझं सांगतेय.

चिमणीला सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. तिच्या पलंगाशी बसून म्हणाले, "बाळा, ते दार तुझ्या आईने नीट लावलं होतं. मी उघडलं आणि उघडंच ठेवलं. मग मी खोटं बोलले. तुझ्या आईचं काही चुकलं नाही. तुझं तर मुळीच नाही. तू ओरडलीस म्हणून बाबा वेळेवर आला, म्हणून तू वाचलीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आईला माहितीये हे?"

"नाही. लिहिणार आहे."

"म्हणजे आईला वाटतं तिनेच केलं?"

मी हो म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मान अजून नीट फिरत नाही, त्रास झाला असणार, तरी फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी वेणी घालायला फणी काढली तर म्हणाली, "नको. नर्सताई घालतील." रोज त्याच घालतात आता. मी फणी पिशवीत घालून नेते आणि परत आणते.

बुधवारी मंडळात उभी राहिले. ज्या बायकांना मी तुझ्या निष्काळजीपणासाठी पाच वर्षं प्रार्थना करायला लावली, त्यांच्यासमोर. एकीने मध्येच माझा हात धरला, म्हणाली, "जाऊ द्या हो, वयोमानाने होतं." मी हात सोडवून घेतला. तेव्हा माझं वय झालेलं नव्हतं. मग मंडळाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. कुणी 'ठेवू नका' म्हणालं नाही.

सोमवारी वकिलाच्या ऑफिसात गेले. चिमणीने कुणाकडे राहायचं हे कोर्टात ठरलं तेव्हा माझा जबाब घेतला होता, 'सून निष्काळजी आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय' असा. तो खोटा होता असं लिहून, सही करून दिलं. वकील म्हणाला, "आजीबाई, विचार करा, खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावर खटला होऊ शकतो." मी म्हटलं, होऊ दे. त्याची नक्कल सोबत आहे. तुला जिथे वापरायची तिथे वापर. मला विचारू नकोस.

पत्र सगळ्यांत शेवटी लिहितेय, याचा राग मानू नकोस. आधी लिहिलं असतं तर मी त्यात वाटा काढल्या असत्या. मी मला आता ओळखते. बाकी सगळीकडे बोलून झाल्यावर मागे फिरायला जागा उरली नाही, मग लिहायला बसले. तरी हा तिसरा कागद आहे. पहिल्यात सुतार आला होता, दुसऱ्यात धुणेवाली. दोन्ही फाडले.

तू मला क्षमा कर असं मी म्हणणार नाही. तेही एक ओझंच होईल, आणि मी तुझ्यावर पुष्कळ टाकलंय. तुझ्या पोरीची ही पाच वर्षं मला परत देता येत नाहीत. तिचे दुधाचे दात पडले तेव्हा तू नव्हतीस. पहिल्यांदा वाचायला लागली तेव्हा नव्हतीस. तापात तिने एकदा तुला हाका मारल्या आणि मी तिला म्हटलं, आजी आहे ना. हे मी नेलं तुझं. देवापुढे हेच म्हणते हल्ली, दुसरी प्रार्थना सुचत नाही. पाळकसाहेबांकडे अजून परत गेलेले नाही. हे पत्र पेटीत टाकलं की जाईन.

घर मी सोडतेय. चर्चच्या आवारात म्हाताऱ्या बायकांसाठी दोन खोल्या आहेत, त्यांतली एक मिळाली. तू परत ये असं त्यात काही नाही. तू येशील, न येशील, तिला घेऊन जाशील, ते तुमचं. एवढंच, की त्या घराच्या जिन्यावर तुला मी भेटायला नको.

शनिवारी टाके काढतील. दुखेल, असं डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलंय. तिने विचारलं, तेव्हा हात कोण धरेल? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिने मानेनेच नाही म्हटलं.

दुसरा मजला, मुलांचा वॉर्ड, खिडकीकडून दुसरा पलंग. सकाळी दहा वाजता. मी तिथे नसेन.

तुझी अपराधी